टेनिस एल्बोचं ऑपरेशन ठरतंय? आधी ही तयारी करा

पहिलं काम तारीख घेण्याआधीचं आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हे दुखणं बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय कमी होतं. म्हणून निदान सहा ते बारा महिने व्यायाम नेमाने केलात का, दुखवणारं काम खरोखर कमी केलंत का, हे आधी पाहा. मानेत किंवा कोपराखाली नस दबली तरी असंच दुखतं. ती शक्यता तपासली का, हे सर्जनना विचारा, संकोच नको. स्टिरॉइडचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगा. इंजेक्शननंतर लगेच ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून बरेच सर्जन तीनेक महिने थांबवतात.

एक्स-रे, एमआरआय, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी एकाच फाइलमध्ये लावा. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. मेडिक्लेमची पूर्वमंजुरी आधीच मागा. तंबाखू, सिगारेट, मिश्री आजपासूनच बंद. त्यांनी जखम उशिरा भरते.

बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. साधारण सहा तास आधी खाणं बंद करायला सांगतात, आणि दुधाचा चहा खाण्यातच धरतात. अंगठ्या, बांगड्या घरीच काढून ठेवा, कारण हात सुजला की निघत नाहीत. नेलपॉलिशही पुसा. सोबत माणूस हवाच. हात बधिर केला असेल तर तो काही तास लुळा राहतो. बधिरपणा उतरायच्या आत वेदनाशामक गोळी कधी घ्यायची, हे निघतानाच विचारून घ्या.

पण सगळ्यात जास्त तयारी लागते ती घरात. कणीक कोण मळणार, कपडे कोण पिळणार, पाण्याची बादली कोण उचलणार, हे आदल्या आठवड्यातच ठरवा, आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की हे दोन दिवसांचं नाही. रोजची भांडी खालच्या फळीवर आणा. पुढून बटणांचे सैल शर्ट किंवा गाऊन काढून ठेवा, नाडीऐवजी इलॅस्टिक बरं. दुसऱ्या हाताने दात घासायची, जेवायची सवय आत्ताच करा. दुचाकी सर्जन हो म्हणेपर्यंत नाही.

टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, दुखणं ओसरू लागतं आणि नेमकी तेव्हाच माणसं भरलेली पिशवी उचलतात. ताकदीचे व्यायामसुद्धा बहुधा सहा आठवड्यांनंतरच सुरू होतात. सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरावर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. भारताकडून तो पुन्हा खेळला ऑक्टोबरमध्ये, नागपूरला. दिमतीला फिजिओ असलेल्या खेळाडूलाही एवढा वेळ लागला, तेव्हा ऑफिसात रजा मागताना हात राखून मागू नका. फिजिओथेरपीची पहिली वेळ मात्र ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवा, शक्यतो घराजवळची, रिक्षाने जाता येईल अशी.