कोण चावलं? घरातले चावरे कीटक ओळखावेत आणि रोखावेत कसे

सकाळी हातावर चार गांधी दिसल्या की पहिला संशय डासांवर जातो आणि दुकानातून डासांचं नवं लिक्विड येतं. चावणारा ढेकूण असेल तर त्या लिक्विडने काहीही फरक पडत नाही. उलट महिनाभरात ढेकणं एका पलंगावरून शेजारच्या खोलीत पोहोचतात. म्हणून औषध आणण्याआधी दोन-तीन दिवस चावणारा शोधण्यात घालवा.

नुसत्या गांधीवरून कीटक ओळखता येत नाही. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं अंग सुजतं, तर दुसऱ्याला पत्ताही नसतो. ढेकणाच्या चाव्याची खूण तर काही वेळा आठवड्या-दोन आठवड्यांनी उमटते, त्यामुळे ‘आज दिसली म्हणजे काल रात्रीच चावलं’ हा हिशेबही चुकतो. चावा कधी झाला, अंगावर कुठे झाला आणि घरात पुरावा काय सापडतो, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ओळख पक्की धरा.

पायरी १: वेळ आणि जागा पाहा

दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-तीन तासांत घोट्याला, पावलाला, कोपराला चावत असेल तर तो एडिस डास. पायांवर पांढरे पट्टे असतात, म्हणून लोक त्याला टायगर डास म्हणतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या तोच पसरवतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुधा गटारात वाढलेला क्यूलेक्स. मलेरियाचा ॲनॉफिलिसही रात्रीच चावतो. भिंतीवर तो मागची बाजू वर करून तिरका बसतो.

झोपेत उघड्या राहिलेल्या मानेवर, दंडावर, पाठीवर तीन-चार गांधी जवळजवळ किंवा ओळीत उठल्या असतील तर ढेकूण शोधा. गुडघ्याखालीच, घोट्याभोवती बारीक लाल ठिपके असतील आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर पिसवा. खात्री करायची असेल तर पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून जनावराच्या झोपायच्या जागेवर पाच मिनिटं फिरा. मोज्यांवर उडणारे तपकिरी कण दिसतील.

पावसाळ्यात मानेवर किंवा डोळ्याजवळ भाजल्यासारखा लांबट चट्टा उठला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर फोड आले, तर तो चावा नव्हेच. नारिंगी-काळ्या रंगाचा, सेंटिमीटरभराहून थोडा लहान भुंगेरा अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या विषाने कातडी पोळते. तो ट्यूबलाइटकडे येतो. अंगावर बसला तर चापट मारू नका, फुंकर घालून उडवा आणि जागा लगेच साबणाने धुवा. हात न धुता डोळे चोळू नका.

पायरी २: ढेकणांचा शोध

ढेकूण शोधायला पहाटेच्या अंधारात, हातात टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घेऊन बसावं लागतं. कार्डाची कड गादीच्या शिवणीतून, कडेच्या पायपिंगखालून हळूहळू फिरवा. मग पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, उशाकडच्या फळीची मागची बाजू, लोखंडी खाटेच्या पोकळ पायांची तोंडं आणि भिंतीवरचा स्विचबोर्ड. पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा असतो, पिल्लं फिकट आणि तिळाहून लहान. ढेकूण दिसला नाही तरी खुणा दिसतात: टाकलेल्या पारदर्शक काती, मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी आणि शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग. डागावर ओला कापूस दाबून ओढा. तांबूस तपकिरी रेघ उमटली तर ती पचलेल्या रक्ताचीच.

पायरी ३: ढेकणं घालवणं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या खोलीतून उठून हॉलमध्ये झोपायला जाणं. माणूस हलला की ढेकणं त्याच्या मागे जातात आणि दोन खोल्या लागतात. त्याच पलंगावर झोपा, पण पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि प्रत्येक पाय साबणाच्या पाण्याच्या वाटीत ठेवा. जमिनीवरची ढेकणं मग वर चढू शकत नाहीत.

चादरी, अभ्रे, मच्छरदाणी, पडदे खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधा आणि तसेच मशीनपर्यंत न्या. उघडे नेले तर वाटेत अंडी सांडतात. ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास धुवा. मशीनला गरम पाणी नसेल तर सुती कपडे पातेल्यात उकळा. लोखंडी खाटेच्या सांध्यांवर आणि पोकळ पायांत उकळतं पाणी ओता. लाकडी पलंगाला स्टीमर लावायचा असेल तर सांध्यावरून इतका सावकाश फिरवा की सांधा आतपर्यंत तापेल. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात.

मे महिन्यात गादी गच्चीवर टाकली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण ऊन लागलं की ढेकणं सरकून गादीच्या सावलीतल्या बाजूला जातात, आणि जाड गादी आतून पुरेशी तापतही नाही. उशा, चपला, पुस्तकं अशा लहान वस्तू काळ्या प्लॅस्टिकच्या घट्ट बांधलेल्या पिशवीत दुपारभर उन्हात ठेवल्या तर उपयोग होतो. गादीला मात्र सगळीकडून बंद होणारं चेनचं कव्हर घाला आणि ते वर्षभर काढू नका. आत अडकलेली ढेकणं उपाशी मरतात, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात.

अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून हे सगळं दर दहा दिवसांनी, किमान तीनदा करा. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं तर दुसरी फेरी त्याच्याकडून आधीच ठरवून घ्या. एका फवारणीत अंडी वाचतात.

दोन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत करू नका. गादीवर रॉकेल शिंपडू नका, एका ठिणगीने घर पेटतं. आणि धान्याच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या पलंगाखाली ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू फटींतून शेजारच्या घरातही जातो. या गोळ्यांनी माणसं दगावली आहेत.

पायरी ४: डासांची पैदास तोडा

एडिस जन्मल्या जागेपासून फार तर काही शे मीटर उडतो. घरात दिवसा डास चावतोय, तर तो तुमच्याच नाहीतर शेजाऱ्यांच्या साठवलेल्या पाण्यातला आहे. स्वच्छ पाण्यातल्या अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात सात-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा.

नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडून काही महिने टिकतात आणि पाणी पुन्हा भरलं की फुटतात. पिंप, रांजण, हौद रिकामा केल्यावर काथ्याने कडेकडेने घासा, मगच भरा. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी असलेल्या कूलरचं हेच: टाकीच्या भिंती घासा आणि मोसम संपला की वाळ्याच्या ताट्या काढून टाका, कारण अंडी त्यांनाही चिकटलेली असू शकतात. पाण्यावर टॉर्च मारा. वळवळ्या, म्हणजे डासाच्या अळ्या, दचकल्यागत तळाशी जातात आणि मिनिटभरात श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. तशा दिसल्या तर पाणी गटारात नव्हे, कोरड्या मातीवर ओता.

फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर आणि परसातल्या करवंट्या हमखास विसरल्या जातात. रिकामा न करता येणारा हौद असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. क्यूलेक्ससाठी संडासाच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी तारेने आवळा आणि शोषखड्ड्याच्या झाकणाची फट सिमेंटने बुजवा. गावाकडे एवढ्यानेच फरक दिसतो.

खिडकीच्या जाळीचं छिद्र १.२ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. मच्छरदाणीची कड गादीखाली दाबा. नुसती लोंबत ठेवली तर डास खालून आत येतो. अंगाला लावायच्या औषधात डीट किंवा पिकारिडिन पाहून घ्या. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ते लावू नका, मच्छरदाणीच बरी.

चावल्यावर काय करावं

साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा, मग कॅलामाइन लावा. फार खाज असेल तर रात्री सेटिरिझिनची गोळी घेता येते. चुना लावू नका, कातडी भाजते. गोचीड चिकटली असेल तर तिच्यावर तेल, रॉकेल, अगरबत्तीचा चटका असलं काही नको. चिमट्याने कातडीलगत तोंडाशी धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा भागात काजूच्या बागेतून आल्यावर अंग नीट तपासा. तिथे गोचिडीमुळे माकडताप होतो. पातेरा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा, घराजवळ साठवू नका.

चाव्यानंतर ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर थेट दवाखाना गाठा. डेंग्यूचा संशय असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आला तर काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली पाहा. विडीचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी काळी खपली असेल तर ती झुडपातल्या बारीक चिगर किड्याच्या चाव्याची, म्हणजे स्क्रब टायफसची खूण असू शकते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले. खपली डॉक्टरांना स्वतःहून दाखवा. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झालं तर ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरतो.