चॉकलेट फज रवाळ होऊ नये म्हणून

आम्हा सातारकरांना कंदी पेढ्याचा खवा सतत हलवत भाजायची सवय. फजला नेमका तोच हात नडतो. आत्याच्या वहीतलं माप: २ वाट्या साखर, पाऊण वाटी दूध, ३ मोठे चमचे कोको. साखर विरघळली की ढवळणं बंद. थेंब गार पाण्यात टाकून मऊ गोळी वळली (साधारण ११४ अंश सेल्सियस) की गॅस बंद करा, वर लोण्याचा गोळा सोडा आणि पातेल्याला हात लावू नका! गरम असतानाच घोटलं तर साखरेचे कण मोठे होतात. पातेल्याचा तळ कोमट लागला की मगच घोटा, चमक जाईपर्यंत. मग लगेच थापा. फोन घ्यायला गेलात तर पातेल्यातच घट्ट बसेल.