जुना मोबाइल किंवा लॅपटॉप ई-कचऱ्यात देण्यापूर्वी

जुनं उपकरण घराबाहेर काढताना आधी बॅटरीचा विचार करा, भंगारच्या भावाचा नंतर. लिथियम-आयन बॅटरी घंटागाडीत गेली की पुढे कचरा दाबणाऱ्या यंत्रात (कॉम्पॅक्टरमध्ये) चेपते, आतला पातळ पडदा फाटतो, शॉर्टसर्किट होतं आणि अख्ख्या गाडीला आग लागू शकते.

चार्जिंग ३० टक्क्यांच्या खाली उतरू द्या. बॅटरी सहज निघत असेल तर काढून तिच्या धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. आत चिकटवलेली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, उपकरणासकट द्या. पॉवर बँकही तशीच, न उघडता.

फुगलेली बॅटरी वेगळी हाताळावी लागते. चार्जिंग ताबडतोब थांबवा. उचललेलं झाकण दाबून बसवू नका आणि ‘हवा काढायला’ टाचणी तर मुळीच लावू नका. आत साठलेला वायू पेट घेणारा असतो, विषारीही. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता, गॅलरीत सावलीला ठेवा आणि लवकरात लवकर संकलन केंद्रावर पोचवा. देताना ‘फुगलेली आहे’ हे आवर्जून सांगा.

मग डेटा. मोबाइलमधून सिम आणि मेमरी कार्ड काढा, बॅकअप घ्या, गूगल खातं काढा (आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करा) आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम चुकला तर फोन जुन्या खात्याला बांधलेला राहतो. मग दुरुस्त होऊन पुन्हा वापरता आला असता असा चांगला फोनही तोडला जातो. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटने फक्त फायलींची अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर जागेवरच असतो. विंडोज रीसेट करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) असेल तर आधी एनक्रिप्शन (डेटा सांकेतिक करून कुलूपबंद करणं), मग रीसेट.

आता द्यायचं कुणाला? भारतात ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात रिसायकलरला नोंदणी सक्तीची आहे, पण नुसता माल गोळा करणाऱ्यासाठी वेगळी नोंदणीच नाही. म्हणून ‘आम्ही सरकारमान्य संकलक’ म्हणणाऱ्याला विचारा, माल शेवटी कोणत्या रिसायकलरकडे जातो? ते नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर तपासा. सोसायटीने एकत्र माल दिला तर वजनासह पावती घ्याच.

एवढी चौकशी करायची, कारण नोंदणी नसलेल्या धंद्यात तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तो धूर तिथे राबणाऱ्यांच्या छातीत जातो; घानातल्या अॅगबोगब्लोशीच्या भंगार बाजारातही, २०२१ मध्ये तो हटवला जाईपर्यंत, हेच चालायचं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला, त्यातल्या जेमतेम २२.३ टक्के मालाचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे.

सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या न फोडता मूळ खोक्यातच द्या. फुटलीच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, तुकडे जाड पुठ्ठ्याने उचला. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने पारा हवेत पसरतो.