डॅफोडिल दरवर्षी फुलावं असं वाटत असेल तर पानं कापू नका

डॅफोडिलचा बहर संपला की बरेच जण पहिलं काम काय करतात तर लोळायला लागलेली पानं छाटून टाकतात, आणि पुढच्या वर्षी फूल का नाही आलं म्हणून विचारतात. अहो, पुढचं फूल त्या पानांच्याच जोरावर कांद्यात, म्हणजे जमिनीखालच्या त्याच्या कंदात, तयार होतं! फूल सुकलं की फक्त त्याच्या मागची बोंडी खुडा, नाहीतर ताकद बी धरण्यात जाते. पानं किमान 6 आठवडे तशीच राहू द्या, गाठ मारू नका, रबर लावू नका, ऊन लागलं पाहिजे त्यांना. पिवळी पडून हलकं ओढल्यावर सुटून आली की काढा.

लागवड शरद ऋतूत, जमीन गोठायच्या आधी. कांदा टणक आणि वजनदार बघून घ्या, बुडाशी मऊ लागला तर तो आतून कुजलेला असू शकतो, घेऊच नका. कांद्याच्या उंचीच्या साधारण 3 पट खोल, म्हणजे मोठ्या जातींना 15 सेंमीच्या आसपास, टोक वर, आणि दोघांत 10 ते 15 सेंमी अंतर. उन्हाची जागा हवी आणि पाण्याचा निचरा तर हवाच हवा, पाणी साचलं की कांदा गेला. नायट्रोजनवालं खत भरपूर घातलं तर पानंच माजतात, त्यापेक्षा पोटॅश जास्त असलेलं द्या.

तुमच्याकडे थंडी कमी असेल तर बहुतेक जातींचे कांदे आधी 12 ते 16 आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, पण फळांसोबत अजिबात नको कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ पेपरव्हाइट ही डॅफोडिलचीच एक जात लावा, त्याला थंडी लागत नाही.

काही वर्षांनी गर्दी होऊन फुलं कमी झाली तर पानं वाळल्यावर कांदे उकरून सुटे करा आणि परत लावा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, हे झाड विषारी आहे, कांदा सगळ्यात जास्त, त्यामुळे खायच्या कांद्यांजवळ ठेवू नका, मुलं आणि कुत्रा-मांजर सांभाळा, चीक लागून खाज येते म्हणून हातमोजे घाला. तोच चीक फुलदाणीतल्या बाकी फुलांनाही बाधतो, तेव्हा डॅफोडिल आधी रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा आणि मग दांडे परत न कापता इतर फुलांत घाला.