प्रबंधात राष्ट्र शोधताना

एम.ए.च्या प्रबंधाला मी विषय घेतला वसाहतोत्तर, म्हणजे परकी सत्ता गेल्यानंतरच्या, कादंबरीतली राष्ट्रकल्पना. पहिल्या मसुद्यात दिसेल त्या पात्राला प्रतीक करून टाकलं. आजी म्हणजे जुना भारत, परदेशी गेलेली नात म्हणजे नवा. मार्गदर्शक बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'हिचे गुडघे दुखत नाहीत का?' मला रागच आला.

मग अमिताव घोष यांची 'द शॅडो लाइन्स' (१९८८) ही कादंबरी पुन्हा उघडली. १९६४ साली आजी कोलकात्याहून विमानाने ढाक्याला, आपल्या जन्मगावी, निघते. मुलाला विचारते, वरून सीमा दिसेल का? निदान खंदक तरी? काहीच दिसणार नाही म्हटल्यावर ती बुचकळ्यात पडते. मग ती फाळणी, त्या कत्तली कशासाठी? पण तिची खरी गोची होते ती फॉर्मवरून. जन्मस्थळ ढाका, राष्ट्रीयत्व भारतीय, आणि हे दोन रकाने एकमेकांशी जुळेनात. मी ते पान आधी दोनदा वाचलं होतं आणि फॉर्म दोन्ही वेळा सुटला होता. शेवटी अख्खं प्रकरण त्या फॉर्मवरच उभं राहिलं.

तेव्हा नव्याने या विषयात येणाऱ्यांनी झेंडे आणि भाषणं शोधत बसू नये. माणसाला कागद कुठे मागतात, नकाशा कुठे निघतो, ती पानं धरा. बंगाली लेखिका महाश्वेता देवींच्या दौलतीच्या कथेत पंधरा ऑगस्टसाठी मास्तरांनी शाळेच्या अंगणात भारताचा नकाशा काढलेला असतो. बापाच्या कर्जापायी धंद्याला लावलेली दौलती त्या नकाशावरच मरून पडते. झेंडा रोवायला जागा उरत नाही. प्रबंधात 'सर्वसमावेशक' हा गुळगुळीत शब्द लिहिण्याआधी ही कथा वाचा.

शब्दांवरून आठवलं. 'देश' आणि 'राष्ट्र' सरमिसळ वापरू नका. आपल्याकडे घाटावरचा मुलूखही देशच, आणि त्याला पासपोर्ट लागत नाही.

सिद्धांत लागतोच. बेनेडिक्ट अँडरसन यांचं 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' (१९८३) वाचा. राष्ट्र कल्पिलं जातं ते कादंबरी आणि वर्तमानपत्रातून, हे तिथे नीट कळतं. अमेरिकी समीक्षक फ्रेडरिक जेम्सन यांचा १९८६चा लेख मात्र जपून. तिसऱ्या जगातली प्रत्येक साहित्यकृती राष्ट्राचं रूपक असते, असं ते म्हणतात. माझी प्रतीकांची हौस तिथूनच आलेली. मार्क्सवादी समीक्षक एजाज अहमद यांनी पुढच्याच वर्षी त्यांना खणखणीत उत्तर दिलं होतं. ते मी वाचलं, मसुदा परत आल्यावर.