कॉबचं काम बघून शिकताय? मग या चुका टाळा

कॉब म्हणजे माती, वाळू, पेंढा आणि पाणी एकत्र तुडवून हाताने थरावर थर रचलेली भिंत. सामान एवढंच, म्हणून नवीन लोकांना वाटतं जाणत्या माणसाशेजारी दोन दिवस उभं राहिलं की कॉब आलं. नाही येत. सगळे भिंतीकडे बघत बसतात आणि खरं काम तिकडे ताडपत्रीवर, गारा म्हणजे हे मिश्रण पायाने तुडवण्यात, चाललेलं असतं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे घमेली मोजणं. कारागिराने एक घमेलं माती, दोन घमेली वाळू टाकलेली दिसली की लगेच वहीत नोंद. अरे, ते प्रमाण त्याच्या मातीचं आहे! मिश्रणात खरी चिकणमाती साधारण 15 ते 25 टक्के लागते. त्याची माती फार चिकट असेल म्हणून तो एवढी वाळू घालतो, तुमच्या मातीत आधीच वाळू असली तर त्याच मापाने भिंत सुकल्यावर बोटाने खरवडली जाईल. माझी सवय अशी, की आधी बरणीत माती-पाणी खळखळून हलवून ठेवायचं. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, त्यावर हळूहळू गाळ, आणि चिकणमाती कितीतरी वेळ पाण्यात तरंगत राहते. मग तीन वेगळ्या प्रमाणांच्या विटा करून पूर्ण सुकवायच्या. तडे गेले तर वाळू वाढवा, कडा भुगा होऊन पडल्या तर माती वाढवा. यात आठवडा जातो, जाऊ दे.

आणि बघायचंच असेल तर तुडवताना कारागिराची टाच बघा. तो मधेच थांबतो, ताडपत्रीची कड उचलून गारा पलटतो, गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली सोडतो. पसरला तर पाणी जास्त, फुटून विखुरला तर कोरडा किंवा माती कमी. तिथे गेल्यावर भिंतीवर चढायला मागू नका, तुडवायला मागा.

दुसरी चूक घाईची. एका ठिकाणी बागेची भिंत चालली होती, शिकवणारे बाबा गुडघ्याच्याही खाली थर आला की थांबायचे आणि हात धुवायचे. ते घरी गेल्यावर एका उत्साही पोराने पाऊस यायच्या आत उरकू म्हणून एका दिवसात छातीपर्यंत चढवली. दुपारनंतर खालचा भाग पोट सुटल्यासारखा फुगायला लागला, याने फळी लावून आत दाबला तर पलीकडून बाहेर आला, वरचा भाग कलला तो वेगळाच. शेवटी फावड्याने सगळं उतरवून परत तुडवावं लागलं. म्हणे व्हिडिओत तर सरसर चढते! व्हिडिओत सुकायचे दिवस कापलेले असतात हो.

एका वेळी 30 ते 45 सेंटीमीटर पुरे. मी खालच्या थरात अंगठा दाबून बघतो, खोल रुतला तर त्या दिवशी वर काही नाही. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत करू नका, काठीने भोकं पाडून खडबडीत ठेवा, पुढचा थर घालताना ओला करून घ्या. बाजूला आलेला फुगवटा अर्धवट ओला असतानाच ओळंबा धरून तासा, वाळल्यावर जीव जातो.

बाकीच्या चुका पटापट:

वरची काळी सुपीक माती वापरू नका, त्यात कुजणारा पाला असतो, खाली खणा.

पेंढा लांब आणि कोरडा हवा. हिरवं गवत कुजतं.

दगडी जोत्याचा खर्च वाचवायला जाऊ नका. मातीची भिंत थेट जमिनीवर टेकली की खालून ओल धरते. छपराची वळचणही चांगली बाहेर काढा.

आणि शेवटी सगळं नीट करून वर सिमेंटचा गिलावा मारणारे! सिमेंटला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते, बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आतून मऊ होत जाते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करा, तोही भिंत आतपर्यंत सुकल्यावरच.