पिकअप ट्रकसाठी सुपरचार्जर किट कसं निवडायचं (हॉर्सपॉवरचा आकडा बघून नाही)

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच बेल्टवर फिरून सिलेंडरांत जास्त हवा दाबणारा पंप, त्यालाच ब्लोअर म्हणतात, आणि त्या जादा दाबाला बूस्ट. त्याच्या किटच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात हॉर्सपॉवर छापलेली असते आणि लोक तेवढंच बघून पैसे भरतात. मग वरून सल्ला देणारेही भरपूर, की 'मोठा ब्लोअर घे, नंतर पश्चात्ताप नको'. अमेरिकेत पेट्रोलच्या व्ही-८ पिकअपवर हे काम मी बऱ्याचदा केलंय, स्वतःच्या ट्रकवर आणि मित्रांच्या, त्यामुळे स्पष्टच सांगतो, किट निवडायचं ते इंजिनाला किती उष्णता झेपते आणि किती पेट्रोल पोचतं यावरून, पॉवर त्याच्या मागून येते.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच एक गोष्ट. तिकडच्या हायलक्स, व्ही-क्रॉस, बोलेरो पिकअप या टर्बो डिझेल गाड्या, त्यांत टर्बो हवा दाबतच असतो, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही. तेव्हा हा लेख इकडच्या एफ-१५०, सिल्व्हेराडो, रॅम, टुंड्रावाल्यांसाठीच आहे.

पायरी १: इंजिन तपासा

कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडर हवा किती दाबतो) आणि लीकडाउन टेस्ट (किती हवा गळते) करून घ्या, एक सिलेंडर जरी कमी दाखवत असेल तर किटचा विषय तिथेच थांबवा.

पायरी २: ट्रकला काम काय आहे ते ठरवा

ट्रेलर, बोट, घोड्यांची गाडी असं काही ओढत असाल तर जोर खालच्या आरपीएमला हवा. त्यासाठी पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट, म्हणजे दर फेरीला ठरावीक हवा ढकलणारा, इंजिनाच्या डोक्यावर बसणारा ब्लोअर. मॅग्नसन आणि एडलब्रॉकच्या किटमध्ये ईटन कंपनीचे टीव्हीएस नावाचे पिळदार रोटर असतात, व्हिपल ट्विन-स्क्रू (एकमेकांत फिरणारे दोन स्क्रू) बनवते, दोन्ही प्रकार चांगले, ॲक्सिलरेटर दाबताच दोन्ही लगेच जोर देतात. प्रोचार्जर, व्होर्टेक हे सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या पंख्यानं हवा फेकणारे, त्यांचा बूस्ट आरपीएमबरोबर चढतो, २००० ते २५०० ला जवळपास काहीच हाती लागत नाही. रिकामा ट्रक पळवायचा असेल तर सेंट्रिफ्युगल मस्त, बसवायला सोपा, हवाही कमी तापवतो. ओढायला मात्र नको, मला कोणी कितीही पटवलं तरी माझं मत तेच राहील.

पायरी ३: नेमकं इंजिन आणि वर्ष

'५.३ (लिटरचं) चेव्ही' एवढं सांगून किट मागू नका. २००० च्या आसपासचं ५.३ म्हणजे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) साधारण ९.५, आणि २०१४ पासूनचं ११, वर डायरेक्ट इंजेक्शन. फोर्डचं ५.० २०१७ पर्यंत १०.५ होतं, २०१८ पासून १२ झालं. कॉम्प्रेशन जितकं जास्त तितका बूस्टला वाव कमी. रॅमच्या ५.७ हेमीवाल्यांनी जास्तच जपायचं, नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी भडकणं, पुढच्या पायरीत सांगतो) झालं की पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो हे त्या इंजिनाचं नेहमीचं दुखणं आहे.

पायरी ४: उष्णता आणि पेट्रोल

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते या पायरीनं, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात.

हवा दाबली की तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो तसंच. ७ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड, दाबाचं माप) बूस्ट म्हणजे कागदावर सुमारे ४८ टक्के जास्त हवा, कारण वातावरणाचा दाब १४.७ आहे, पण ती हवा तापलेली असते म्हणून प्रत्यक्षात तेवढा फायदा मिळत नाही. आणि तापलेली हवा सिलेंडरमध्ये गेली की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात स्वतःहून भडकतं, तेच नॉकिंग. कॉम्प्युटरला नॉक सेन्सरवरून ते कळतं, तो ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि पॉवर पडते. म्हणजे जाहिरातीतली हॉर्सपॉवर थंड इंजिनावर डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) काही सेकंदांत मोजलेली, आणि तुम्ही जुलैच्या उन्हात ट्रेलर लावून चढ चढताय तेव्हा त्यातली किती उरते हे कुणी छापत नाही.

ॲरिझोनात ६८ नंबरच्या रस्त्यावर डेव्हिस डॅमपासून वर युनियन पासपर्यंत ११.४ मैलांचा चढ आहे, ट्रक किती वजन ओढू शकतो ते ठरवणाऱ्या एसएई जे२८०७ या ठरलेल्या टेस्टला हाच चढ धरतात, एसी फुल, बाहेर किमान १०० फॅरनहाइट. किट बघताना माझ्या डोळ्यासमोर हा चढ असतो. विक्रेत्याला सरळ विचारा की अशा चढावर भरलेला ट्रेलर लावून इंटरकूलरचं (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचं) पाणी किती तापतं, आणि उत्तराऐवजी परत हॉर्सपॉवरच सांगायला लागला तर दुसरा विक्रेता शोधा.

वरच्या ब्लोअरचा इंटरकूलर पाण्यावर चालतो, ते पाणी इंजिनाच्या कुलंटपासून वेगळं, त्याचा स्वतःचा पंप, टाकी आणि पुढे ग्रिलमागे हीट एक्स्चेंजर (ते पाणी गार करणारा छोटा रेडिएटर). बघायचं ते तिथे. एका दुकानानं मला 'कम्प्लीट किट' म्हणून जे दिलं त्यात ब्लोअर झकास, पण हीट एक्स्चेंजर एसीच्या कंडेन्सरच्या जेमतेम अर्ध्या आकाराचा आणि त्याला पंखा नाही. हायवेला चाललं असतं, पण ट्रेलर लावून चढावर ४०-४५ मैलांच्या वेगात त्याला हवाच मिळत नाही. म्हणून दोन किटांत अडलात तर छोटा ब्लोअर आणि मोठा एक्स्चेंजर असलेलं घ्या, उलटं कधीच नको.

आता पेट्रोल. २०१४ नंतरच्या ५.३ आणि ६.२ मध्ये पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं, ते दाबणारा हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि त्याची मर्यादा लवकर गाठली जाते. २०१८ नंतरच्या फोर्ड ५.० मध्ये डायरेक्ट आणि पोर्ट दोन्ही इंजेक्टर आहेत म्हणून तिथे थोडी मोकळीक मिळते. किटमध्ये इंजेक्टर, टाकीतला पंप किंवा त्याचा व्होल्टेज बूस्टर यांतलं काय येतंय आणि काय 'ऑप्शनल' आहे, यादी लेखी मागून घ्या, कारण खरा खर्च त्या ऑप्शनलमध्ये लपलेला असतो.

ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग) कुठल्या ऑक्टेनवर (पेट्रोल नॉकिंग किती सहन करतं त्याच्या आकड्यावर) केलीय हेही लेखी. कॅलिफोर्नियात पंपावर प्रीमियम म्हणजे ९१, टेक्ससमध्ये ९३, आणि ९३ ची ट्यून घेऊन ९१ भरलं तर इंजिन ठोकणारच. नुकतेच भारतातून आलेल्यांनी लक्षात ठेवा, तिथला ऑक्टेनचा आकडा रॉन असतो, इथला आकडा रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी, म्हणजे ९१ रॉन हा इथल्या ८७ च्या आसपास. सुपरचार्जरच्या ट्रकमध्ये ८७ घालायचा नाही, घाईत पंप चुकला तरी नाही.

किट बसल्यावर पहिलं काम म्हणजे ट्रेलर लावून चढावर डेटा लॉग (कॉम्प्युटरमधल्या आकड्यांची नोंद) घेणं. रिकाम्या ट्रकचा लॉग काही कामाचा नाही. लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर, आणि त्यानं चार रकाने बघायचे: मॅनिफोल्डमधल्या (सिलेंडरकडे जाणाऱ्या) हवेचं तापमान, नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे टायमिंग किती डिग्री मागे घेतलं ते), एअर-फ्युएल (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा) आणि फ्युएल प्रेशर. बूस्टमध्ये एअर-फ्युएल ११.५ ते ११.८ च्या आसपास हवा, १२.५ कडे सरकायला लागला तर पाय काढा, इंजिन उपाशी आहे. नॉक रिटार्ड शून्यावर हवा, गिअर बदलताना क्षणभर एक डिग्री दिसली तर ठीक, पण भर चढावर सलग दोन-तीन डिग्री दिसत असेल तर घरी जा आणि ट्यूनरला लॉग पाठवा. तापमान तर बघतानाच कळतं, ११०, १२५, १४० फॅरनहाइट, आकडा नुसता चढत जातो आणि चढ सपाट झाल्यावरही पटकन उतरत नाही, तेव्हा एक्स्चेंजर कमी पडतोय. १५० च्या पुढे मी ओढत नाही, कुणी 'काही होत नाही' म्हणालं तरी.

आणि छोटी पुली! पुली छोटी केली की ब्लोअर जास्त वेगात फिरतो, बूस्ट वाढतो, स्वस्तात पॉवर म्हणून लोक पहिल्याच महिन्यात लावतात. ओढणाऱ्या ट्रकवर कृपा करून नको. स्टॉक पिस्टनवर ६ ते ८ पीएसआय पुरेसं आहे, त्याच्या वर गेलात की इंटरकूलर, पेट्रोल, टायमिंग सगळ्याचा वाव एकदम संपतो.

पायरी ५: ट्यून आणि कॉम्प्युटर

किटबरोबर येणारी तयार ट्यून ही सुरुवात समजा, लॉग बघून दुरुस्त करून देणारा ट्यूनर आधीच ठरवून ठेवा. २०१५ पासूनच्या रॅमचा कॉम्प्युटर लॉक असतो, अनलॉक करायला किंवा बदलायला वेगळे पैसे लागतात, ते बजेटमध्ये धरा.

पायरी ६: कायदा, वॉरंटी

कॅलिफोर्नियात कार्बचा (तिथल्या हवा प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, असलेलंच किट घ्या, तोही तुमच्या इंजिनाला आणि वर्षाला लागू असलेला, नाहीतर स्मॉग चेकला (धुराच्या तपासणीला) नापास. स्टिकर बोनेटखाली दिसेल असा लावा. वॉरंटीबद्दल डीलर काय म्हणतो ते लेखी घ्या.

पायरी ७: बारीकसारीक

स्पार्क प्लग हीट रेंजमध्ये एक नंबर थंड आणि गॅप कमी, ०.०३० इंचाच्या आसपास, पण किटवाल्यानं दुसरं सांगितलं असेल तर त्याचं ऐका. चेव्हीच्या एलएस या व्ही-८ इंजिनांत क्रँक पुलीला चावी (key, खाचेत बसून पुली घसरू न देणारा धातूचा तुकडा) नसते, नुसत्या बोल्टच्या दाबावर ती बसलेली असते, म्हणून ब्लोअर लावताना ती पिन करून घ्या, हे टाळू नका. बेल्ट पहिल्या ५०० मैलांत दोन-तीनदा बघा, कडेचे धागे सुटत असतील तर पुली सरळ रेषेत नाही. इंटरकूलरच्या टाकीचं झाकणही थंड इंजिनावर उघडून बघा, आत अडकलेली हवा सुटत जाते तशी पाण्याची पातळी उतरते, ती भरत राहायची, उतरायची थांबेपर्यंत.